दातवाल्याचा धागा

आमच्या घरात कपड्यांचे चिमटे टिकत नाहीत. दोरीवर ओल्या चादरी टाकाव्यात, चिमट्यांची पिशवी उलटी करावी, तर आत दोन-चार मोडके. बाकीचे सगळे धाकट्याच्या खोलीत, गिटारीच्या कडेला ओळीने चावा घेऊन बसलेले. गिटारीची कड वाकवून झाली की तिला आतून एक पातळ लाकडी पट्टी चिकटवतात, आणि सरस वाळेपर्यंत ती पट्टी धरून ठेवायला कपड्यांच्या चिमट्यासारखं दुसरं काही नाही, असं त्याचं म्हणणं. असेल. पण एकदा गिऱ्हाइकाचा धुतलेला पडदा उडून खालच्यांच्या बाल्कनीत पडला, तेव्हा चार जिने उतरून माफी मागायला मलाच जावं लागलं. तो वरून फोटो काढत होता, चिमट्यांचे.

धाकटा म्हणजे माझा भाऊ. डोक्यावरचे निम्मे केस गेले, उरलेले पांढरे झाले, तरी धाकटाच. माझं लग्न झालं नाही आणि त्याचं टिकलं नाही, त्यामुळे भांडायला आम्हाला एकमेकांशिवाय कुणी नाही, आणि ती उणीव आम्ही एकमेकांना कधी भासू दिली नाही. मी पुढच्या खोलीत शिवणाचं काम करते. पॅन्टची उंची कमी कर, चेन बदल, पडदे शिव, असली कामं. तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवतो. डॉक्टरांकडून तोंडाचा ठसा येतो, हा त्यात प्लास्टर ओततो, मेणात एकेक दात उभा करतो. सगळे दात सरळ लावले तर कवळी कवळीसारखी दिसते, म्हणून एखादा किंचित तिरका ठेवतो. कवळी टोचली की परत येते. परत आली की लॅबमधले बाकीचे लोक डॉक्टरला नाहीतर म्हाताऱ्याच्या हिरडीला नावं ठेवतात. हा तसं करत नाही. माझंच चुकलं असेल, म्हणतो आणि घासून देतो.

हे मी मुद्दाम आधी सांगतेय, कारण पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, तुमचा भाऊ लबाड दिसतो. तो लबाड नाही. लबाड असता तर मला एवढा राग आला नसता.

गिटार बनवायचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते एका साईटवरून. हौसेने गिटारी बनवणाऱ्यांची साईट आहे. कुणी बँकेत आहे, कुणी शाळेत, कुणी रिटायर होऊन घरच्यांच्या डोक्यावर बसलेला. प्रत्येकजण आपल्या गिटारीचा एक धागा काढतो. धागा म्हटल्यावर मला आधी वाटलं, हा माझी रिळं मागतोय. तर धागा म्हणजे आज फळी कापली, हा फोटो. आज मान बसवली, हा फोटो. आणि खाली बाकीच्यांचे प्रतिसाद. फोटो नाही तर काम झालंच नाही, असा तिथला नियम. सरस वाळायला लागलेला असायचा, हा दिवा कुठे धरू म्हणून नाचत असायचा, आणि दिवा शेवटी माझ्या हातात.

तिथे कुणी नावाने ओळखलं जात नाही. याला म्हणायचे दातवाला. साईट चालवणारे एक निवृत्त शिक्षक, ते मास्तर. आणि साईटचे दोन भाग. काम चालू असेपर्यंत धागा 'अर्धवट' मध्ये राहतो. गिटारीला तारा चढल्या, ती वाजली, तिचा आवाज रेकॉर्ड करून धाग्यावर टाकला, की मास्तर तो उचलून 'वाजलेल्या' मध्ये नेतात. वर्षानुवर्षं अर्धवट मध्ये पडलेले लोक आहेत. मोठं दुःख आहे ते त्यांचं, हसू नका.

धाकट्याचा धागा लोक मालिका बघावी तसे बघायचे. एक तर त्याचा हात सुबक. दुसरं म्हणजे तो चुका दाखवायचा. रंधा जास्त चालला आणि फळीला खाच पडली, की त्या खाचेचा जवळून फोटो आणि खाली 'माझा मूर्खपणा'. लोकांना ते फार आवडायचं. इतका प्रामाणिक धागा साईटवर दुसरा नाही, असं मास्तरांनी स्वतः लिहिलं होतं. ते वाचून दाखवायला धाकटा अंगठ्याला कात्री लागलेली असताना माझ्याकडे आला होता. आधी वाचलं, मग जखमेला पट्टी मागितली.

शेवटी तारा चढल्या. मी मशीन थांबवून ऐकायला गेले. त्याने बोट फिरवलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा आवाज. झालं होतं असं की वरच्या फळीला आतून आधाराच्या पट्ट्या लावतात, आणि याने त्या कवळीवाल्याच्या सवयीने भक्कम लावल्या होत्या, तुटायला नको म्हणून. तुटणार तर नव्हतीच ती. वाजणारही नव्हती.

"नवी आहे, मोकळी होईल," मी म्हटलं.

"होईल," तो म्हणाला.

साईटवर मात्र गोंधळ सुरू झाला. आवाज कधी? दातवाले, आवाज? एकाने तर रिकाम्या खुर्च्यांचा फोटो टाकला आणि लिहिलं, आम्ही येऊन बसलोय. धाकटा आज टाकतो, उद्या टाकतो करत राहिला. तारा बसू देत, म्हणाला. हवा दमट आहे, म्हणाला. हवा कोरडी ठणठणीत होती.

मग एकदा आम्ही जेवायला बसलो होतो आणि त्याचा फोन सारखा टुणटुणत होता. काय चाललंय म्हणून मी उचलला. धागा 'वाजलेल्या' मध्ये गेला होता. खाली अंगठे, बदाम, टाळ्या. मी आवाजाचं बटण दाबलं. भरदार, गोड आवाज. दुसरी तार जराशी घरघरणारी. मी फोन ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं. कॉलेजात असताना घेतलेली त्याची जुनी गिटार तिथे असते, कारखान्यात बनलेली. ती घरघर मी इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकत आलेय.

"ही भिंतीवरची आहे," मी म्हटलं.

"जेव."

"धाकट्या, ही भिंतीवरची आहे."

"थोड्या दिवसांपुरती टाकलीय. आतून पट्ट्या घासतो, आवाज मोकळा झाला की खरी टाकतो. कुणाला कळतंय?"

"मला कळलं ना."

"तू साईटवर आहेस का? मग झालं तर."

पट्ट्या त्याने घासल्या नाहीत. गिटारीच्या भोकातून आत हात घालायचा, पॉलिश पेपर पट्टीला लावायचा आणि हात बाहेर काढायचा. घासलेलं लाकूड परत लावता येत नाही, ही भीती. मीही कापड कापणारी बाई, ती भीती मला कळते. गिटार पेटीत गेली, पेटी पलंगाखाली गेली, आणि साईटवर धाकटा लोकांना सल्ले द्यायला लागला. त्यांनी चढवलं हरभऱ्याच्या झाडावर, आणि हा आपला चढला.

याच सुमारास कपाट आला. कपाट म्हणजे एक माणूस. त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही. लिफ्ट दुरुस्त करणारा. आई गेल्यावर भावंडांनी घर रिकामं केलं, आणि आईचं लाकडी कपाट कुणालाच नको होतं. नव्या घरांत ते मावेना. याने त्याची दोन दारं काढून घेतली. लिफ्टवाल्याचीच दारं, पण लिफ्टमध्ये बसेनात, मग खांद्यावरून जिन्याने नेली, असं त्याने स्वतःच लिहिलं होतं. त्या दारांतून त्याने गिटारीची वरची फळी काढली. मुलगी गिटार शिकतेय, आजीच्या कपाटावर वाजवेल, म्हणाला. लिहायचा छान. मी त्याचा धागा वाचायला लागले, सभासद नसताना. त्याने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की मला वाजवता येत नाही आणि ऐकून बरं-वाईट कळतही नाही, मी दातवाल्या सरांच्या धाग्यावर बोट ठेवून जाणार.

आणि तो खरोखर बोट ठेवून गेला. सरांनी जे माप लिहिलं ते. सरांनी जो सरस वापरला तो. धाकट्याला कुणी आयुष्यात सर म्हटलं नव्हतं.

एका दुपारी मी उसवणीचं काम करत होते आणि आतल्या खोलीतून गिटार ऐकू आली. साधे सूर, एकापाठोपाठ एक, आणि मग एक छोटी चाल, शिकाऊ हाताची, अडखळत. पण आवाज असा की मी उसवायची थांबले. उठून दारात गेले. धाकटा फोन कानाशी धरून बसला होता.

"कुणाची रे?"

"कपाटाची."

"छान आहे की."

"हं," तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून लावली. मी परत येऊन बसले, तरी आतून तीच चाल येत राहिली.

पुढे काय झालं ते मला त्या वेळी कळलं नाही. उसवण आटोपून मी लग्नसराईच्या कामात बुडाले होते, आणि धाकटाही माझ्यासमोर फोन काढेनासा झाला होता. झालं ते असं. कपाटाने विचारलं, सर, तुमच्या गिटारीचे खालचे सूर पोटातून येतात, माझे तसे येत नाहीत. मापं तर तुमचीच आहेत, उलट माझ्या पट्ट्या तुमच्याहून जरा बारीकच झाल्यात. मग असं का? आणि मास्तर मध्ये पडले. म्हणाले, दातवाले, हे कोडं माझ्याही डोक्यात आहे. तुम्ही लिहिलेल्या जाडीवर असा आवाज निघायला नको. नीट आठवून सांगा.

घोडं तिथे अडलं. खरं सांगावं तर सगळंच सांगावं लागणार. धाकट्याने आठवून सांगितलं. म्हणजे रचून सांगितलं. म्हणाला, शेवटी भोकातून हात घालून मी पट्ट्या आणखी घासल्या होत्या, पार निम्म्यावर आणल्या, ते धाग्यात लिहायचं राहून गेलं.

मास्तर म्हणाले, आता जुळलं. कपाट म्हणाला, आभारी आहे सर, आजच लागतो.

मी हे वाचलं तेव्हा शेवटाकडून वाचलं. म्हणजे कामातून डोकं वर काढून कपाटाचा धागा उघडला तर सगळ्यांत वर एक फोटो होता. गिटारीच्या फळीवर आडवी ठेवलेली स्टीलची पट्टी, आणि पट्टीखालून फटीतून उजेड. फळी खचली होती. तारा ज्या लाकडी घोडीला बांधतात ती घोडी मागून उचकटून पुढे झुकली होती. त्याच्या खाली त्याची मधली रेकॉर्डिंगं. मी ती ओळीने ऐकली. आधी आवाज मोठा होत गेला, मग सैल, मग रिकाम्या डब्यासारखा. प्रत्येकाखाली, 'अजून सरांसारखा येत नाही.' आणि शेवटी फोटोखाली हे लिहिलेलं: माझाच हात जड. सरांनी नीट सांगितलं होतं.

लोकांनी सांत्वन केलं. सांत्वन करताना कुणाला तरी दोष द्यावाच लागतो. मास्तर म्हणाले, मन खट्टू करू नका, असल्या कपाटांना हलकं लाकूडच वापरत, ते ताण घेत नाही. मग बाकीच्यांनी री ओढली. लाकूडच कच्चं. पुढच्या वेळी चांगलं लाकूड विकत घ्या.

त्यावर कपाटाचं उत्तर होतं. असेल. आमची परिस्थिती तेव्हा बेताचीच होती, आईचं कपाट भारी कुठून असणार.

मी फोन हातात घेऊन आत निघाले, तर धाकटाच बाहेर येत होता. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला. त्याच्याही हातात फोन, त्यावर तीच ओळ. आणि मग त्याने मला सगळं सांगितलं, मास्तरांचा प्रश्न, निम्म्याची गोष्ट, सगळं. खाली बघून सांगितलं. माझ्या टेबलाखाली पडलेल्या चिंध्या पायाने गोळा करत.

"अरे, पण त्याची छान वाजत होती ना?" मी म्हटलं. "छान आहे, थांबा आता, एवढं म्हणायला तुझं काय जात होतं?"

"मग माझी अशी का वाजते, हे सांगावं लागलं असतं."

"काही सांगावं लागलं नसतं. छान आहे म्हणायचं आणि गप्प बसायचं."

त्याने आणखी एक चिंधी पायाने ओढली.

"का नाही म्हणालास?"

"पहिलीच होती त्याची," तो म्हणाला. "त्याला कळतसुद्धा नव्हतं काय केलंय त्याने. आणि माझी पलंगाखाली."

"म्हणजे जळलास."

"जळलो," तो म्हणाला.

मला माझ्या सख्ख्या भावाची लाज वाटली. राग नेहमीचा, राग आम्हाला पुरतो. लाज पहिल्यांदा वाटली. कान तापले माझे. दारात एक बाई ब्लाउजची पिशवी घेऊन उभी राहिली, तिला मी उद्या या म्हटलं, आणि तिने धाकट्याकडे असं पाहिलं, जणू घरात कुणी गेलंय.

त्याचं म्हणणं, कपाटाला एकट्याला कळवतो.

"खोटं चारचौघांत बोललास आणि खरं कानात सांगणार होय रे?"

"ताई, तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला तिथे."

"तिथे तुझं तोंड कुणी पाहिलंय?"

लिहायचा आणि पुसायचा. लॅबमधून आला की हातपाय धुवून बसायचा, लिहायचा, पुसायचा. मी टोमणे मारायचे सोडून दिले, यावरून समजा. शेवटी त्याला मास्तरांनीच ढकललं, न कळत. त्यांनी नव्या लोकांसाठी पहिल्याच पानावर एक लेख लावला, आवाज मोकळा करण्याची पद्धत, आणि त्यात दातवाल्यांनी सिद्ध केलेलं माप म्हणून ते निम्म्याचं गणित. त्याखाली लगेच दोघांनी लिहिलं, उद्या करून बघतो.

धाकट्याने पलंगाखालून पेटी काढली. माझ्या खोलीत आणली, कारण इथे उजेड बरा आणि रस्त्याचा आवाज कमी. मी मशीनचा पाय उचलला, पंखा बंद केला. त्याने फोन उभा केला आणि आपल्या स्वतःच्या गिटारीवर तीच धून वाजवली जी भिंतीवरच्या गिटारीवर वाजवली होती. उशीतला आवाज. वाजवताना एकदा चुकला, तरी पुन्हा केलं नाही. मग लिहायला बसला आणि या वेळी पुसलं नाही. मला वाचून दाखवलं. मोठं लिहिलं होतं. माझा अहंकार, लिहिलं होतं. माझी भीती. तुमच्या कौतुकाची मला लागलेली चटक. रेकॉर्डिंग खोटं, माप खोटं, ते माप कुणी वापरू नये, कपाट यांची गिटार माझ्यामुळे गेली, मी त्यांची माफी मागतो. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

"चांगलं लिहिलंस," मी म्हटलं.

मास्तरांनी पहिल्या पानावरचा लेख काढला आणि दोन ओळी लिहिल्या, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. दोघे-तिघे चवताळून उठले, आणि त्यांचं बरोबरच होतं. एकाने त्याचा धागा उचलून परत 'अर्धवट' मध्ये टाकायची मागणी केली आणि मास्तरांनी टाकलाही. इथवर ठीक. पण मग दुसरंच सुरू झालं. असं कबूल करायला छाती लागते. तुमच्याबद्दलचा आदर दुणावला. खरा कलाकार. आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी असं केलंय, बोलून दाखवलंत तुम्ही. बदाम, टाळ्या, हात जोडलेले. गिटारीला मिळाले नव्हते एवढे अंगठे त्या माफीला मिळाले. एकाने विचारलं, हे दुसऱ्या साईटवर देऊ का, नव्या लोकांना शिकण्यासारखं आहे.

धाकटा वाचत होता. आधी मान खाली घालून वाचत होता. चहा ठेवायला गेले तेव्हा पाहिलं, तो वर जाऊन तेच पुन्हा पहिल्यापासून वाचत होता, आणि खांदे जरा सैल झाले होते. माझ्याकडे लक्ष गेलं तसा त्याने फोन पालथा ठेवला. त्याला कळलं की मी पाहिलं. दोघांनी चहा घेतला.

कपाटाने काहीच लिहिलं नव्हतं. आदर दुणावणारे सगळे येऊन गेले, तो आला नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी फोन आला. धाकटा स्वयंपाकघरात सरस कालवत होता, लॅबमधल्या एकाच्या खुर्चीचा पाय निखळला होता तो जोडायला. हात बरबटलेले. मला म्हणाला, उचल गं, स्पीकरवर टाक. मी उचलला.

"दातवाले सर का? मी कपाट बोलतोय. मास्तरांकडून नंबर घेतला. रागावणार नाही ना?"

रागावणार नाही ना, म्हणे. मी जायला निघाले तर धाकट्याने मानेनेच थांब म्हटलं.

"बोला," धाकटा म्हणाला.

"तुमचं वाचलं मी सगळं. मोठं लिहिलंय. मला तेवढं लिहिता यायचं नाही. एक-दोन गोष्टी विचारायच्या होत्या."

"विचारा ना."

"मी पहिल्यांदा जो आवाज टाकला होता, काही न घासता. तो कसा होता?"

"चांगला होता."

"चांगला म्हणजे ठीकठाक?"

"नाही. खूप चांगला होता. माझ्याच्याने आयुष्यात निघाला नसता असा होता."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "हे तुम्हाला आता वाटतंय, की तेव्हाच कळलं होतं?"

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. नंतर कळलं म्हणाला असता तरी चाललं असतं. त्या माणसाला फरक कळला नसता, मला कळला असता तरी मी काय करणार होते. सरस बोटांवर वाळायला लागला होता.

"तेव्हाच कळलं होतं," तो म्हणाला. "ऐकल्याबरोबर."

"हां," कपाट म्हणाला. "मला ऐकून कळत नाही ना. मुलगी म्हणत होती, बाबा, बास, छान वाजतेय. मीच म्हटलं, तुला काय कळतंय, सर सांगतायत."

धाकटा बोटांवरचा सरस चोळत राहिला. मीच म्हटलं, "तिला आमच्याकडे घेऊन या हो एकदा. भिंतीवरची गिटार आहे, ती न्या तिला."

"कोण बोलतंय?"

"मी ताई. त्यांची बहीण."

"नको ताई," तो म्हणाला. सरळ म्हणाला, रागाने नाही. "तिला नको आता गिटार. सर, दुसरी गोष्ट. म्हणजे आईचं लाकूड चांगलं होतं ना?"

"हो," धाकटा म्हणाला. "उत्तम होतं."

"मग ते तिथे लिहाल का? तुम्ही बाकी सगळं लिहिलंत, ते राहिलंय. तिथे अजून लाकूड कच्चं, लाकूड कच्चं असंच आहे. माझी भावंडं वाचतात ते. आणि मीही लिहून बसलोय, असेल म्हणून."

मी त्या क्षणी खाली बसले. ती एवढी मोठी माफी मी कानांनी ऐकली होती, डोळे पुसले होते, चांगलं लिहिलंस म्हटलं होतं. त्यात अहंकार होता, भीती होती, चटक होती, धाकट्याचं सगळं होतं. त्या बाईच्या कपाटाबद्दल एक शब्द नव्हता, आणि तो मलाही खटकला नव्हता.

"लिहितो," धाकटा म्हणाला. "आत्ता लिहितो."

"बरं," कपाट म्हणाला आणि फोन ठेवला.

धाकट्याने हात धुतले नाहीत. कोपरं टेबलावर टेकली, चेहरा हातांत धरला, आणि सरस कपाळाला लागला तरी तसाच बसला. मला बोलायला तोंड नव्हतं. मग त्याने नखांनी बोटं खरवडली, फोन ओढला आणि त्या सगळ्या टाळ्या-बदामांच्या खाली लिहिलं: कपाट यांच्या आईच्या कपाटाचं लाकूड उत्तम होतं. पहिला आवाज ऐकून मला ते कळलं होतं. त्यात काहीही कच्चं नव्हतं.

कपाट साईटवर पुन्हा आला नाही. त्या ओळींना एकाही माणसाने अंगठा दिलेला नाही. धाकटा रोज जाऊन बघतो, आणि त्याच्या नकळत मीही बघते.